एवढंच होतं का?

जुनी गाडी सकाळी चालू झाली नाही, तर त्यामागे एक कारण असतं आणि ते बहुधा इतकं लहान असतं की चारचौघांत सांगायला लाज वाटावी. बॅटरीचं टर्मिनल सैल झालेलं असतं, पॉइंटवर काजळी धरलेली असते, ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोच्या टोपीत ओल शिरलेली असते, नाहीतर टाकीत पेट्रोल नसतं. यात नवीन काही नाही. नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत ज्यांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर उभी आहे, त्या सगळ्यांना ही यादी तोंडपाठ आहे. तरीही गाडी अडली की शोध सुरू होतो तो थेट इंजिनच्या पोटातून. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील, व्हॉल्व्ह चिकटला असेल, हेड गॅस्केट उडालं असेल, टायमिंग चेनच सरकली असेल. दोन तासांनी सगळी मोठी कारणं एकेक करून बाद होतात, कुणाचा तरी हात चुकून टर्मिनलला लागतो आणि गाडी घुर्र करून उठते. अशा वेळी मालकाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायला हवा तो दिसत नाही. ‘एवढंच होतं का?’ असं तो विचारतो, आणि त्या प्रश्नात सुटकेपेक्षा अपमान जास्त असतो. माझं म्हणणं असं की बंद गाडीची दुरुस्ती लांबते ती अज्ञानापायी नव्हे आणि मेकॅनिकच्या लबाडीपायीही नव्हे. क्षुल्लक कारण पदरात घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून ती लांबते. बिघाड कसा आपल्या आणि गाडीच्या इभ्रतीला शोभेलसा हवा!

आधी इंजिनची बाजू ऐकून घेऊ. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. मूळ आराखडा इटलीतल्या फियाट 1100 चा आणि बांधणी वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. हवेत मिसळलेलं पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, एवढं मिळालं की हे इंजिन चालू होतं. चौथी मागणी त्याने आजवर कुणाकडे केलेली नाही. तपासणीही अवघड नाही. प्लग काढायचा, त्याला वायर लावायची, त्याचं अंग इंजिनला टेकवायचं आणि सेल्फ मारायचा. निळी ठिणगी दिसली तर करंट येतोय. मग कारबोरेटरकडे जाणारी नळी सोडवून डब्यात धरायची. सेल्फ मारल्यावर पेट्रोलची पिचकारी आली तर पंप ठणठणीत आहे. दहा मिनिटांत गुन्हेगार कोणत्या गल्लीत राहतो ते कळतं. पण ही पद्धत आपल्याकडे रुजली नाही, कारण तिच्यात मत द्यायला जागाच नाही.

आता कुणी म्हणेल, इभ्रतीचा संबंध आला कुठून? लोखंडी वस्तू आहे, बिघडली की दुरुस्त करावी. त्याला माझं उत्तर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या. त्यातली शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. पत्रा तोच आणि बहुतेकींचं इंजिनही तेच, पण या गाड्या पावसात भिजत, खड्ड्यांत आदळत रोज सकाळी चालू होत. कारण बंद गाडीचा हिशेब टॅक्सीवाला भाड्यात करी. गाडी अडली की तो बॉनेट उघडून आधी टर्मिनल हलवी, मग डेल्कोची टोपी पुसे, आणि कारण सापडलं की ते किती लहान आहे याचा विचार न करता गिऱ्हाईक घेई. घरच्या पद्मिनीची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी त्या काळी आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट पाहिलेली असते. तिच्यातून वरात निघालेली असते, तिच्या स्टिअरिंगवरचे गिअर टाकायला दोन पिढ्या शिकलेल्या असतात. अशी गाडी एका सैल नटापायी अडली हे मान्य करणं म्हणजे घराण्याचा इतिहास दहा नंबरच्या पान्याने कसून टाकण्यासारखं आहे.

म्हणूनच ‘पेट्रोल आहे का?’ हा प्रश्न आधी विचारायचा नसतो. विचारलाच तर होणारा संवाद ठरलेला आहे.

‘पेट्रोल तं आहे ना काकाजी?’

‘काटा अर्ध्यावर आहे.’

इथे विषय संपतो. काटा कधीपासून अर्ध्यावर आहे, हे काकाजींना कुणी विचारत नाही. टाकीत एक फ्लोट असतो, तो पेट्रोलवर तरंगतो आणि त्याची दांडी वरखाली होईल तसा काटा हलतो. दांडी एकदा गंजून अडकली की काटा निवृत्त होतो आणि जिथे असेल तिथे सुखाने राहतो. खरं पाहायचं तर टाकीचं झाकण उघडून, मागून गाडी हलवून कान लावला की डुचमळल्याचा आवाज येतो किंवा येत नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाने भर रस्त्यात स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाजूला कान लावून उभं राहायचं, तेही शेजारी बघत असताना, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. या सगळ्या जमावात टाकी रिकामी आहे हे एकालाच माहीत असतं. तो म्हणजे मिस्त्रीचा हाताखालचा पोऱ्या. त्याने आल्याआल्या झाकण उघडून वास घेतलेला असतो. पण तो बोलत नाही. बोलला तर भर उन्हात डबा घेऊन पंपावर त्यालाच पिटाळणार, पंपावरचा माणूस डब्यात पेट्रोल द्यायला खळखळ करणार आणि परत आल्यावर ‘इतका वेळ कुठं होता बे?’ हेही ऐकून घ्यावं लागणार. तेव्हा मोठ्या माणसांना हेड गॅस्केटवर चर्चा करू द्यावी आणि आपण सावलीत उभं राहावं, हे त्याने अनुभवाने शिकून घेतलेलं असतं.

काट्यावर विश्वास ठेवण्याची ही खोड काही एकट्या गाडीवाल्यांची नाही. 2024 च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या नावावर 1913 पासून असलेला 56.7 अंशांचा जागतिक विक्रम त्या दुपारी जेमतेम बचावला. शहराचा आधीचा उच्चांक 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचा. म्हणजे एका फटक्यात आठ अंशांची उडी. यंत्रात काही गडबड असेल, हे सुचायला फार हुशारी लागत नव्हती. शेजारच्या केंद्रांकडे बघितलं तरी पुरलं असतं. पण 56 अंश हे कारण मोठं होतं, देशभर बातमी होण्याजोगं होतं, आणि पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना फोन करून ‘आमच्याकडे किती होतं ऐकलं का?’ असं विचारण्याजोगं तर होतंच. पुढे हवामान खात्याने तपासणी करून सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर शहरावर जी कळा पसरली, ती मी टर्मिनल सापडल्यानंतरच्या पद्मिनीमालकाच्या चेहऱ्यावरच पाहिली आहे. दहा अंश कमी झाल्याचा आनंद एकालाही झाला नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर व्हेपर लॉकबद्दल बोलायला हवं, कारण नागपुरात बंद गाडीच्या मोठ्या कारणांमध्ये पहिला मान त्याचा. गोष्ट खरी आहे. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच वाफ होऊ लागतो. गाडी भर दुपारी वर्धा रोडवरून तापून आली, सीताबर्डीत दहा मिनिटं उभी राहिली, की इंजिनची सगळी धग बॉनेटखाली कोंडते, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफ ओढत बसतो. कारबोरेटरला थेंब मिळत नाही. यावर इंजिनच्या कुशीतल्या त्या छोट्या पंपावर ओला फडका टाकायचा हा जुना आणि रास्त उपाय आहे. पण व्हेपर लॉक ही फक्त तापलेल्या गाडीची व्याधी आहे. रात्रभर पोर्चमध्ये गार पडलेल्या गाडीला सकाळी सात वाजता व्हेपर लॉक होऊ शकत नाही, हे भौतिकशास्त्र कुणी ऐकत नाही. डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाला आलेली मंडळी स्वेटर घालून फिरत असतात तेव्हासुद्धा, बॉनेटखाली ओला फडका टाकणारे लोक या शहरात आहेत. ‘आपल्याकडचं ऊनच तसं आहे’ असं ते म्हणतात. ऊन जूनमध्ये संपलेलं असतं, पण त्याची कीर्ती वर्षभर पुरते.

या व्हेपर लॉकने आणखी एक घोळ करून ठेवला आहे. तो आपला आपण बरा होतो. अर्धा तास गाडी सावलीत उभी केली की वाफ निवते, पेट्रोल वाहू लागतं. जास्त चोक ओढून, पुन्हा पुन्हा ॲक्सिलरेटर मारून पेट्रोल ओव्हर झालं असेल, तर तेही पंधरावीस मिनिटांत उडून जातं. म्हणजे ‘काही करू नका, थांबा’ हा दोन्हींवरचा उत्तम इलाज. पण थांबण्याला आपल्याकडे इलाज म्हणत नाहीत. त्या अर्ध्या तासात कुणी प्लग पुसतो, कुणी फ्यूज काढून परत लावतो, कुणी एअर फिल्टर काढून त्यात फुंकर मारतो, कुणी टायरला लाथ घालतो, कुणी नारळ फोडायला सुचवतो. मग गाडी चालू होते आणि ज्याने सर्वांत शेवटी हात लावला तो मोहल्ल्यातला तज्ज्ञ ठरतो. उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवणारं हे शहर. उद्या कुणी बॉनेटखाली कांदा ठेवायला सांगितलं तर तोही हमखास लागू पडेल. त्याला फक्त अर्धा तास द्यायला हवा. एअर फिल्टरवाल्याने त्या एका यशावर पुढची वीस वर्षं किती गाड्यांचे एअर फिल्टर उघडले असतील, याची नोंद आरटीओकडेही नाही.

बॉनेट उघडलं की त्याभोवती जी समिती जमते तिच्या सदस्यांची मतं गाडी बघून ठरलेली नसतात, ती घरून आणलेली असतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ पायाभूत दोष काढतात: ‘ब्लॉकच गेलाय.’ व्हीएनआयटीत शिकणारा मुलगा हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण सांगतो आणि ते मोजायचं कसं असं विचारलं की मोबाइल बघू लागतो. बँकवाले साहेब दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत यांची तुलना मांडतात. एकेकाळी बजाज चेतक बाळगलेल्या काकांचा उपाय एकच, गाडी जरा कलती करा. चेतकच्या बाबतीत तो बरोबरच होता. 1972 साली आलेल्या त्या स्कूटरला अंगाकडे वाकवून मग किक मारणं हा महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचा सकाळचा व्यायाम होता. वाकवल्याने कारबोरेटरात दोन थेंब जास्त उतरत आणि ती उठे. सुमारे 900 किलोच्या पद्मिनीला किती माणसांनी आणि कोणत्या बाजूला वाकवायचं, यावर मात्र काकांनी अजून विचार केलेला नाही. आणि मग जो कुणी कॉइलचं नाव काढतो, त्याच्याशी वाद घालणं तर अशक्य.

‘कॉइल गेली असंल.’

‘अहो, मागच्याच महिन्यात नवीन टाकली.’

‘मग तं कॉइलच गेली. डुप्लिकेट येऊन राहिल्या ना आजकाल.’

जुनी असेल तर जुनी म्हणून गेली, नवी असेल तर नवी म्हणून गेली. कॉइलला या शहरात निर्दोष सुटण्याचा मार्गच ठेवलेला नाही. वास्तविक ती बिचारी बॅटरीच्या 12 व्होल्टचे 15-20 हजार व्होल्ट करण्याचं काम वर्षानुवर्षं मुकाट करते. पण इतक्या हजारांचा व्यवहार जिच्या हातून होतो तिच्यावर संशय घ्यायला लोकांना आवडतं. शेजारचा कंडेन्सर तर त्याहून मोठा संशयित. त्याचा आकार करंगळीएवढा, नाव मात्र भारदस्त, आणि तो बिघडला की नाही हे नुसतं बघून कुणालाच कळत नाही. तो बदला म्हटलं की कुणी हरकत घेत नाही. याउलट उंदराने वायर कुरतडली, हे ताडपत्रीखाली महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांमधलं अगदी नेहमीचं कारण, पण ते समितीपुढे मांडून पाहा. एका वाहनाने दुसऱ्या वाहनाचा केलेला हा पाणउतारा गणेशभक्तांनाही सहन होत नाही.

समितीचं एकमत होतं ते फक्त धक्क्यावर. धक्का हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे, कारण त्याला कारण शोधावं लागत नाही. बॅटरी उतरली असेल किंवा सेल्फ अडकला असेल तर तो लागू पडतोही. ठिणगी किंवा पेट्रोलच नसेल तर गाडी ढकलत थेट झिरो माइलच्या खांबापर्यंत नेली तरी देशाच्या मध्यावर पोहोचल्याखेरीज काही साधत नाही. त्यातून नागपूर पडलं सपाट. उतार हवा तर सेमिनरी हिल्स गाठावी लागते, आणि तिथवर जायला गाडी चालू असावी लागते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा, की मोठे बिघाड होतच नाहीत का? रिंगा झिजत नाहीत? गॅस्केट उडत नाही? सगळं होतं. पण मोठा बिघाड सांगून सवरून येतो. रिंगा झिजल्या तर गाडी महिनोन्महिने निळा धूर सोडते, ऑइल पिते, चढावर दम टाकते. गॅस्केट उडायच्या आधी रेडिएटरमधलं पाणी कमी होत राहतं, इंजिन तापत राहतं. दाब एका रात्रीत जात नाही. बंद गाडीचा मालक येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य काय सांगतो? ‘काल संध्याकाळपर्यंत एकदम मस्त चालत होती हो!’ हाच माझा पुरावा. काल संध्याकाळपर्यंत मस्त चालणारी गाडी आज सकाळी अडली, तर रात्रीतून बदलण्याजोगं जे काही आहे ते लहानच असणार: ओल, सैल जोड, कचरा, उतरलेली बॅटरी. गंमत अशी की हे वाक्य मालक मोठ्या बिघाडाच्या समर्थनार्थ सांगत असतो.

दुसरा आक्षेप पुरोगामी आहे. हे सगळं जुन्या गाड्यांचं रडगाणं. नव्या गाडीत संगणक असतो, स्कॅनर लावला की दोष पडद्यावर दिसतो, तिथे इभ्रतीचा प्रश्न येतो कुठे? येतो, आणि इंग्रजीतून येतो. नवी गाडी चालू न होण्याची कारणं तपासून पाहा: चावीतला बटणाएवढा सेल संपलेला असतो, ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलेलं असतं, गिअरचा दांडा पार्किंगवर नसतो. पण गाडीमालक कार्यालयात उशिरा पोहोचल्यावर काय सांगतो? ‘ईसीएमचा प्रॉब्लेम आला होता.’ चावीतला सेल संपला म्हणून साहेबांची मीटिंग हुकली, असं कुणाच्या तोंडून ऐकलेलं मला तरी आठवत नाही. 1912 मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ बसवला तेव्हा हँडल मारून मनगट मोडण्याची भीती संपली, पण हँडल मारताना माणसाला निदान कारण शोधायची उसंत नसे. गाडी जितकी सोपी होत गेली, तितकं तिचं कारण भारदस्त होत गेलं आहे.

सध्या सगळ्यांत भारदस्त कारण म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाचे सर्वांत हिरिरीचे पुरस्कर्ते, केंद्रीय मंत्री नितीन गडकरी, नागपूरचेच खासदार. त्यामुळे या विषयाला इथे घरचा जिव्हाळा आहे. तक्रारीत तथ्यही आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि पंपातला पडदा त्याच्यासाठी बनवलेले नव्हते, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेला गाळ ते सुटा करतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीला हे सोसत नाही. पण ज्या दिवसापासून हे कारण मिळालं त्या दिवसापासून दुसरं कारण उरलंच नाही. हॉर्न वाजेनासा झाला तरी इथेनॉल, वायपर अडकला तरी इथेनॉल. मी एवढंच म्हणतो की टर्मिनल दिल्लीच्या धोरणाने सैल होत नाही. पण आपल्या पोर्चमधल्या बिघाडाला थेट केंद्र सरकार जबाबदार आहे, या विचाराने माणसाला जे बळ येतं ते पाना फिरवून येत नाही, हेही खरं.

आणि सरकारने या गाड्यांना ओळखलं नाही असंही म्हणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणतात. नव्याने नोंदणी करायची तर 20 हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5 हजार. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रस्त्यावर कशासाठी आणता येईल, याचीही यादी नियमांत आहे: प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल-दुरुस्ती. कामाला जाणं, भाजी आणणं, पोरांना शाळेत सोडणं यांचा त्यात उल्लेख नाही. ज्याने कुणी हा मसुदा लिहिला त्याच्या घरी पद्मिनी असली पाहिजे. जुनी गाडी पेट्रोल भरायला निघते, वाटेत अडते, दुरुस्तीला जाते आणि तिच्याभोवती जमलेल्या माणसांचं तांत्रिक संशोधन चालतं. जमाव मोठा असेल तर तेच प्रदर्शन. कायद्याने तिला जगायला आणखी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

राहता राहिला मिस्त्री. सगळ्यात मोठा आक्षेप त्याच्याबद्दल असतो: कारण लहान असतं, पण तोच ते फुगवतो. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. मिस्त्री येतो तेव्हा बहुधा त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं तो बोलू शकत नाही आणि लोक त्याला चिंतन समजतात. त्याने बॉनेटखाली एकदा नजर टाकून टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी बघितलेली असते. कारण त्याला तिथेच कळलेलं असतं. तरी तो डेल्कोच्या क्लिपा काढतो, टोपी उलटी करून आतली काजळी शर्टाच्या बाहीला पुसतो, रोटर उपसतो, पॉइंट उघडून त्यांच्यामधून पॉलिश पेपरचा बारीक तुकडा दोनदा ओढतो, आणि मग काडेपेटीचा पुठ्ठा फाडून दोन पॉइंटमध्ये सरकवतो. पुठ्ठा अडकत अडकत निघाला की गॅप बरोबर. सगळी समिती श्वास रोखून तो पुठ्ठा बघत असते. हे करून झाल्यावर, टोपी बसवता बसवता, डाव्या हाताने तो टर्मिनल फिरवून घट्ट करतो. ते कुणाला दिसत नाही आणि त्याने दाखवूही नये. ‘टर्मिनल टाइट केलं, शंभर रुपये द्या’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीशी लोक घासाघीस करतात, पुढच्या वेळी त्याला बोलावत नाहीत, आणि ‘नुसता हात लावून पैसे घेतो’ म्हणून त्याची बदनामी करतात. ‘डेल्को खोललं, पॉइंट सेट केले, टायमिंग मिळवलं’ असं म्हणणाऱ्याला आठशे रुपये आणि वर चहा मिळतो. मागणी तसा पुरवठा.

गाडी आता संथ लयीत चालू असते. समिती पांगत असते. कॉइलवाले जाता जाता ‘तरी कॉइल बदलून घ्या’ म्हणून सांगतात. पोऱ्या टाकीचं झाकण पुन्हा एकदा उघडून बघतो आणि या वेळी पेट्रोल आहे म्हणून त्याचा जीव भांड्यात पडतो. साहेब पाकीट काढतात, पण नोटा मोजता मोजता थांबतात.

‘पण मिस्त्री, मुळात झालं काय होतं हिला?’

मिस्त्री खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारतो. खरं सांगावं तर चहा जातो. कॉइल म्हणावं तर उद्या नवीन आणून द्यावी लागेल. तो बॉनेट हलकेच लावतो, त्याच्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘वय झालं ना साहेब आता. इतके दिवस साथ देऊन राहिली, तेच पाहा.’

साहेबांचं समाधान होतं. ते दोनशे रुपये वर देतात.